नव्या म्हणून गळ्यात मारलेल्या सहा डिस्क

सर्व्हरवर रेड (अनेक डिस्क एकत्र बांधून, एखादी बिघडली तरी डेटा वाचवणारी रचना) लावायचा विचार असेल आणि डिस्क अजून घ्यायच्या असतील, तर पैसे द्यायच्या आधी हे वाचा. माझ्या बाबतीत जे झालं ते दुसऱ्या कुणाचं होऊ नये, एवढ्याचसाठी सगळं तपशिलात लिहितेय.

आम्ही वयस्कर माणसांच्या लांबलचक मुलाखती ध्वनिमुद्रित करतो. त्यातले बरेच जण आता हयात नाहीत. म्हणजे फाइल गेली की आवाज गेला, पुन्हा ध्वनिमुद्रण नाही. हे सगळं साहित्य सुट्या यूएसबी डिस्कवर पसरलं होतं, ते एका सर्व्हरवर आणायचं ठरलं. मी आखणी केली होती ती अशी: 8 टीबीच्या सहा डिस्क, रेड 6. वापरायला 32 टीबी मिळतात आणि दोन डिस्क एकदम गेल्या तरी डेटा शाबूत राहतो. सातवी डिस्क बदलीसाठी कपाटात.

विक्रेता बोलण्यात तयार होता. कंट्रोलर कार्ड (सगळ्या डिस्क सांभाळणारं), कॅशे, बॅटरी, सगळ्याची उत्तरं त्याच्याकडे होती, आणि त्यामुळेच माझा विश्वास बसला. त्याने माझी आखणी हळूहळू बदलवली. "रेड 5 करा मॅडम, 40 टीबी मिळेल. एंटरप्राइज डिस्क आहेत, दोन एकदम कशाला जातील?" मग, "सहाही एकाच लॉटमधल्या देतो, फर्मवेअर सारखं, कार्ड कुरकुर करणार नाही." आणि सातव्या डिस्कबद्दल, "लागली की फोन करा, दुसऱ्या दिवशी पोचवतो." प्रत्येक सल्ला ऐकताना पटण्यासारखा होता. तिन्ही सल्ल्यांनी माझ्या आखणीतली सुरक्षितता एकेक करून काढून घेतली, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

डिस्क आल्या त्या चंदेरी अँटिस्टॅटिक पिशव्यांत, वर सील. स्मार्टची नोंद (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती) पाहिली तर चालू तास 2 आणि 3. बिघडलेले, बदललेले सेक्टर (डिस्कवरचे लहान कप्पे) शून्य. मी समाधानाने सहाही डिस्कचा एकत्र संच, म्हणजे अ‍ॅरे बांधला. त्यानंतर सगळ्या डिस्क कार्डाच्या मागे गेल्या आणि मला रोज दिसायचा तो फक्त कार्डाचा हिरवा "हेल्दी". कार्डाला वळसा घालून एकेका डिस्कचं स्मार्ट वाचता येतं, पण मी ते नियमित केलं नाही.

अकराव्या महिन्यात एका खणाचा दिवा लाल झाला. अ‍ॅरे डिग्रेडेड, म्हणजे एका डिस्कविना चालू. फोन केला, नवी डिस्क चार दिवसांनी आली. रीबिल्ड, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नवीवर पुन्हा उभा करणं, सुरू केलं. 8 टीबीची डिस्क सेकंदाला 150 एमबीच्या गतीने भरली तरी जवळपास 15 तास लागतात, आणि तेवढा वेळ उरलेल्या पाचही डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सलग वाचल्या जातात. 61 टक्क्यांवर दुसरा दिवा लाल झाला. रेड 5 मध्ये दोन गेल्या म्हणजे अ‍ॅरे गेला. रात्रीचे पावणेतीन वाजले होते, सर्व्हरचा पंखा तसाच फिरत होता आणि पडद्यावर 40 टीबीच्या जागी काहीच नव्हतं.

त्या क्षणी एक गोष्ट बरोबर केली, ती सांगते. कार्ड "पुन्हा इनिशियलाइझ करू का" विचारत होतं, मी नाही म्हटलं. मशीन बंद केलं, प्रत्येक डिस्कवर खणाचा क्रमांक मार्करने लिहिला आणि मगच त्या बाहेर काढल्या. अशा वेळी घाईने नवा अ‍ॅरे बनवला की उरलासुरला डेटाही पुसला जाऊ शकतो.

फसवणूक उघड झाली ती वॉरंटीमुळे. मेलेल्या डिस्कचा सिरियल नंबर उत्पादकाच्या वॉरंटी पानावर टाकला. उत्तर आलं: ही डिस्क दुसऱ्या सिस्टिम उत्पादकाला सुटा भाग म्हणून विकलेली, तुम्हाला वॉरंटी लागू नाही. सहाही नंबर टाकले, सहाही तसेच. मग मी दिव्याखाली धरून डिस्क पहिल्यांदा नीट पाहिल्या. बाजूच्या स्क्रूच्या भोकांभोवती धातू घासून चमकत होता, म्हणजे त्या कुठेतरी आधी कसून बसवलेल्या होत्या. कनेक्टरच्या सोनेरी पट्ट्यांवर घालण्या-काढण्याचे बारीक ओरखडे. एका लेबलचा कोपरा किंचित उचललेला, खाली जुन्या डिंकाची पिवळट रेघ. आमच्या सर्व्हरमध्ये डिस्क क्लिपवर बसतात, स्क्रू लागतच नाहीत. हे ओरखडे आमचे नव्हतेच.

या डिस्क सीगेटच्या. त्यांत स्मार्टखेरीज फार्म नावाची आणखी एक नोंद असते, ती डिस्क तपासायच्या स्मार्टमॉनटूल्स या सॉफ्टवेअरच्या 7.4 पासूनच्या आवृत्तीत वाचता येते. अजून चालणाऱ्या चार डिस्कची फार्म नोंद काढली. स्मार्टमध्ये सुमारे 8,000 तास, म्हणजे आमचे अकरा महिने. फार्ममध्ये चारही डिस्कचे 34,000 च्या आसपास. वर्षाचे तास 8,760 होतात. म्हणजे आमच्याकडे येण्याआधीच त्या जवळजवळ तीन वर्षं अखंड फिरल्या होत्या आणि कुणीतरी स्मार्टचा आकडा शून्यावर आणला होता. हे करणारा उत्पादक नव्हे, मधला कुणीतरी. जानेवारी 2025 मध्ये जर्मनीतल्या हाइजे या प्रकाशनाने नेमका हाच प्रकार बाहेर काढला होता: वापरलेल्या डेटासेंटर डिस्क, स्मार्ट पुसलेलं, नव्या म्हणून विक्री. बातमी वाचली होती मी. आपण घेतलेल्या डिस्कशी तिचा संबंध जोडला नाही.

मला सगळ्यात जास्त सलतं ते "एकाच लॉटमधल्या" हे शब्द. रेडचा मूळ हिशोब पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या 1988 च्या निबंधात आहे, आणि तो एका गृहीतकावर उभा आहे: एक डिस्क बिघडण्याचा दुसरी बिघडण्याशी संबंध नाही. एकाच कपाटात, एकाच उष्णतेत, सारखे तास राबलेल्या सहा डिस्क घेतल्या की ते गृहीतकच उरत नाही. त्या एकत्र म्हाताऱ्या होतात, आणि रीबिल्डचा ताण सगळ्यांवर एकाच रात्री येतो. लॉट मिसळणं, एक-दोन डिस्क दुसऱ्या ठिकाणाहून घेणं, याने कार्डाचं काहीही अडत नाही. विक्रेत्याचं मात्र अडतं, कारण त्याला तो ढीग खपवायचा असतो.

आता मी डिस्क पिशवीतून काढल्या काढल्या सिरियल नंबर तपासते, परत करायची मुदत शिल्लक असतानाच. लेबलवरचा नंबर आणि डिस्क स्वतः सांगते तो नंबर जुळतो का, तेही बघते. स्मार्ट आणि फार्मचे तास शेजारी शेजारी ठेवते. फार्म बरोबर दिसला तरी विसंबत नाही, एक नोंद पुसणारा हात दुसरीपर्यंतही पोचू शकतो; म्हणून स्क्रूची भोकं आणि कनेक्टर भिंगाखाली. त्यानंतर प्रत्येक डिस्कची पूर्ण लांबीची चाचणी, तिला दिवस लागला तरी. अ‍ॅरे त्यानंतर. रेड 6 वरून आता कुणी मला हलवू शकणार नाही.

आणि बॅकअप. "रेड आहे ना मॅडम, मग वेगळी प्रत कशाला" हे तो सहज बोलून गेला होता. जुन्या यूएसबी डिस्क मी मोडीत काढल्या नव्हत्या, म्हणून पहिलं बरंचसं वाचलं. शेवटच्या आठ महिन्यांचं मात्र फक्त अ‍ॅरेवर होतं. डेटा परत मिळवून देणाऱ्यांनी दुसऱ्या मेलेल्या डिस्कची सेक्टरगणिक प्रत काढली, चांगल्या चार तिला जोडल्या आणि बहुतेक फाइल उघडल्या. सात मुलाखतींमध्ये मधेच शांतता आहे. त्यांतल्या दोघी आजी आता नाहीत.

ग्राहक तक्रार दाखल केली आहे, फार्मच्या छापील नोंदी आणि स्क्रूच्या भोकांचे फोटो जोडून. विक्रेत्याचा परवा निरोप आला, "सगळ्या डिस्क परत पाठवा, पैसे देऊन टाकतो." पाठवल्या नाहीत. त्या पुरावा आहेत, आणि त्यांवर अजून त्या माणसांचे आवाज आहेत. सहाही क्रमांक लिहून, पिशव्यांत बंद करून, कपाटात ठेवल्या आहेत.