दोन्हीकडं ‘कट-कट’ वाजतं म्हणाला, तिथंच फोन ठेवायचा होता

एकूण 8,050 रुपये गेले. बायकोला 3,400च सांगितलेत, तेव्हा ओळखीतल्यांनी घरी बोलू नये.

लातूरहून कन्याकुमारीला सायकलनं जायचं ठरलं आणि शिफ्टरवर, म्हणजे गिअर बदलायच्या लिव्हरवर, महिनाभर डोकं खाजवलं. ब्रेकच्या लिव्हरमध्येच बसवलेले शिफ्टर, एसटीआय, झकास, हात हलवावा लागत नाही. पण आतलं यंत्र बिघडलं तर रस्त्यात उघडणार कोण? बार-एंड हँडलच्या टोकाला, साधे. पडलात, मागचं गिअरचं यंत्र धरणारा हँगर वाकला, तरी उजवा फ्रिक्शनवर, म्हणजे टप्प्यांशिवाय सरकणाऱ्या मोडवर, टाकून अंदाजानं गिअर बसवत घर गाठता येतं. म्हणून शिमानोचे नऊ गिअरवाले जुने बार-एंड शोधत होतो. जाहिरात दिसली. जोडी 6,800.

फोनवर विकणारा म्हणाला, “सर, एकदम मक्खन. दोन्हीकडं कट-कट वाजतं.”

आता बघा. या जोडीतला डावा, पुढच्या चेनरिंगचा (पेडलजवळच्या दातेरी चकत्यांचा), निव्वळ फ्रिक्शनचा. तो वाजतच नाही! हेच मी ग्रुपातल्या पोरांना चारदा समजावलंय. आणि त्या क्षणी मला काय वाटावं? बिचाऱ्याला कळत नाही, म्हणूनच स्वस्तात देतोय! लगेच 3,400 पाठवले. निघायला आठ दिवस उरले होते, माझ्या जागी तुम्हीही पाठवले असते.

मग ‘माल निघाला’ म्हणून उरलेले 3,400. मग पार्सल अडकलंय, 1,250 भरा, परत मिळतील. परत मिळणारे पैसे आधी कुणी मागितले की फोन ठेवा. मी नाही ठेवला.

पार्सल आलं मात्र. आत लहान पोरांच्या सायकलचे प्लास्टिकचे दोन शिफ्टर आणि वजनाला शहाबादी फरशीचा तुकडा, पेपरात नीट गुंडाळलेला.

ठाण्यात म्हणाले, सायबरला जा. सायबरला म्हणाले, हद्द तुमच्या ठाण्याची. तिसऱ्या फेरीला साहेबांनी विचारलं, “गिअरचं बटन आठ हजाराचं? सायकल केवढ्याची?” आणि शेजारच्या टेबलावर हसले. बँकेत तर, पिन तुम्हीच टाकला ना, एवढंच. अरे, मीच टाकला, म्हणूनच आलोय ना तुमच्या दारात! सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, मी चौथ्या दिवशी फोन केला. तुम्ही पहिल्या तासात करा. आणि जुना माल घेताना व्हिडिओ कॉलवर लिव्हर हलवून दाखवायला लावा. फोटो कुणीही पाठवतो.

फरशीचा तुकडा पुरावा म्हणून जपून ठेवायला सांगितलाय. कपाटात आहे, साड्यांच्या मागं.