ऑपेरा, बॅले की म्युझिकल: परभणीहून मुंबई गाठायचीच तर काय बघावं?

"मामा, जानेवारीत मुंबईला चाललोत. एक दिवस मोकळा ठेवलाय. ते ऑपेरा-बॅले म्हणतात तसलं काहीतरी एकदा बघावं म्हणायलोत. काय बघू?"

भाच्याचा फोन होता. त्याच्या बायकोला म्युझिकल बघायचंय, मुलीला बॅले, आणि त्याला स्वतःला फक्त पैसे पाण्यात जायला नकोत. मी म्हटलं, फोनवर आटपणारी गोष्ट नाही ही, लिहूनच काढतो. मी तिन्ही पाहिलेत, तेही पन्नाशीनंतर, त्यामुळं लहानपणापासूनचा जाणकार असल्याचा आव आणायची सोय नाही.

आधी ओळख. ऑपेरात जवळपास सगळं गाऊन होतं. भांडण, चौकशी, 'दार लाव' सुद्धा गाण्यात. समोर मोठा वाद्यवृंद आणि गायकाला माईक नाही. बॅलेत कुणी तोंडच उघडत नाही, गोष्ट पायांनी आणि हातांनी सांगायची. म्युझिकलमध्ये माणसं बोलतात, मध्येच गातात, नाचतात, आणि केसांत दडवलेला बारका माईक प्रत्येकाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नेतो. (आपल्याकडं ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला हिंदी गाण्यांचा कार्यक्रम डोळ्यांपुढं येतो. इथं तसं काही नाही. साठ-सत्तर वादक आणि समोर छडी घेऊन उभा संचालक, असा प्रकार.)

लोक सांगतात की नवख्यानं म्युझिकलपासून सुरुवात करावी, ऑपेरा जड जातो. मराठवाड्यातल्या माणसाला हा सल्ला उलटा पडतो असं माझं मत आहे, आणि त्याचं पहिलं कारण भाषा.

मुंबईत येणारी मोठी म्युझिकल इंग्रजीत असतात. गाणी झपाझप, शब्दांवर कोट्या, उच्चार अमेरिकन नाहीतर लंडनचे, आणि खाली-वर कुठं मजकूर दिसेलच असं नाही. ऑपेरा बहुतेक वेळा इटालियन, फ्रेंच किंवा जर्मन. हॉलमधल्या निम्म्याहून अधिक लोकांना ती भाषा येत नाही, हे धरूनच सगळी मांडणी केलेली असते. 1983 साली टोरांटोत कॅनेडियन ऑपेरा कंपनीनं रंगमंचाच्या वर अनुवादाच्या ओळी दाखवायला सुरुवात केली आणि मग ती पद्धत जगभर गेली. मराठी माध्यमातून शिकलेल्या माझ्यासारख्याला इंग्रजी वाचून कळतं, ऐकताना निसटतं. म्हणून इटालियन ऑपेराची गोष्ट मला ओळन् ओळ कळली आणि इंग्रजी म्युझिकलमध्ये पहिल्या अंकातले निम्मे विनोद शेजारचे हसले म्हणून कळले.

दुसरं कारण कान. आमच्या आत्यानं लहानपणी रात्र-रात्र संगीत नाटकं पाहिली. तिला घेऊन मी नरिमन पॉइंटच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये, म्हणजे एनसीपीएत, गेलो होतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराचे प्रयोग तिथं पडद्यावर दाखवतात. मेटनं 2006 च्या डिसेंबरात हा थेट प्रक्षेपणाचा उद्योग सुरू केला. आम्ही गेलो त्या दिवशी इटालियन संगीतकार पुच्चीनीचा 'ला बोहेम' होता, 1896 सालचा. पॅरिसमध्ये माळ्यावर राहणारे फाटके कलावंत, शेजारची शिवणकाम करणारी पोरगी, मेणबत्ती विझते, किल्ली हरवते, अंधारात शोधताना त्याचा हात तिच्या गार हाताला लागतो आणि तो गाऊ लागतो. गाणं संपलं तशी आत्या सवयीनं पुटपुटली, "वन्स मोअर." शेजारच्या पारशी बाई गालात हसल्या.

तिसऱ्या अंकात मात्र ती अडली. एक जोडपं गोडीगुलाबीनं एकमेकांचा निरोप घेतंय, बाजूला दुसरं कडाकडा भांडतंय, आणि चौघं एकाच वेळी आपापले शब्द गातायत. आत्या माझ्या कानाशी आली. "बाबा, चौघं एकदाच बोलायलेत. ऐकायचं कुणाचं?"

ऑपेरा आणि आपलं गाणं यांतला खरा फरक तो हाच. आपल्याकडं एक गळा, एक सूर, आणि तोच फुलवत न्यायचा. तिकडं फुलवणं नाही, जे लिहिलंय तेच गायचं. पण चार सूर एकमेकांवर रचतात आणि त्या रचनेतून एक पाचवीच गोष्ट कळते, जी चौघांपैकी कुणीच बोललेलं नसतं. हे कानाला बसायला वेळ लागतो. बाकी सगळं ओळखीचं निघालं: नायिकेचा खोकला ऐकून आत्यानं क्षय ओळखला, शेवटच्या अंकात पदर डोळ्यांना लावला, आणि बाहेर आल्यावर नायकाच्या गळ्यात नायिकेइतकी तयारी नाही असा निकालही दिला.

यात नवल काही नाही. पारशी नाटक कंपन्या आपल्या गाण्याच्या नाटकांना 'ऑपेरा'च म्हणत. तसलं 'इंद्रसभा' पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांच्या डोक्यात मराठी संगीत नाटकाची कल्पना पक्की झाली आणि 1880 मध्ये पुण्यात 'शाकुंतल' उभं राहिलं. ऑपेराशी आपलं नातं लांबचं असेल, पण आहे. गिरगावातल्या रॉयल ऑपेरा हाउसचं उद्घाटन 1911 मध्ये पाचव्या जॉर्जच्या हस्ते झालं. पुढं तिथं पृथ्वीराज कपूरांची नाटकं झाली, सिनेमे लागले, 1993 मध्ये ते बंद पडलं आणि डागडुजी होऊन 2016 मध्ये पुन्हा उघडलं. पावणेसहाशेच्या आसपास खुर्च्या, गिलाव्याची नक्षी, सोनेरी सज्जे. तिथं अधूनमधून खराखुरा ऑपेराही होतो. बघायला मिळाला तर वास्तूसाठीही जावं.

पडद्यावर बघण्यात एक गोष्ट हुकते, आणि ती छोटी नाही. माईक नसलेला गळा साठ वाद्यांवरून कसा पोचतो, हे प्रत्यक्ष बसल्याशिवाय कळत नाही. वाद्यवृंदाचा जोर 500 हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं) आसपास सगळ्यात जास्त असतो आणि वर जाताना उतरतो. कसलेला गायक घशाची ठेवण अशी करतो की 3000 हर्ट्झच्या जवळ आवाजाला धार येते, म्हणजे वाद्यं जिथं कमी पडतात नेमकी तिथं. भोंगे येण्याआधी सप्ताहातला कीर्तनकार मंडपाच्या टोकाला बसलेल्या म्हाताऱ्यापर्यंत पोचायचा, तो काही नुसता ओरडून नाही. पडद्यावर हे सगळं स्पीकरमधून येतं, म्हणजे तुपाऐवजी डालडा. पण तिकीट काहीशे रुपयांत मिळतं आणि चेहरा जवळून दिसतो. पहिल्या वेळेला डालडा चालेल.

ऑपेराची अडचण वेगळीच आहे: तारीख तुमच्या हातात नाही. मुंबईत पूर्ण सजावटीसह, जिवंत वाद्यवृंदाचा ऑपेरा वर्षात फार क्वचित होतो. एनसीपीएचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून आहे, त्यांचे हंगाम ठरलेले असतात. तारीख आधी बघायची, मग रेल्वेचं आरक्षण करायचं. आपण नेमकं उलटं करतो.

बॅले. मुलगी आठ वर्षांची असेल तर हाच. भाषा नाही, गोष्ट पाच ओळींची, आणि ती घरीच सांगून न्यायची. हातांच्या चार खुणा शिकवल्या की पोरगी तुम्हालाच समजावत बसेल: दोन्ही हात डोक्यावर एकमेकांभोवती फिरवले म्हणजे 'नाच', अंगठीच्या बोटाकडं दाखवलं म्हणजे 'लग्न', दोन बोटं वर म्हणजे 'शपथ', मुठी एकमेकींवर आडव्या धरल्या म्हणजे 'मरण'. 'स्वान लेक' या हंसिणींच्या बॅलेची अख्खी गोष्ट या चारांत बसते. त्यातली काळी हंसिणी एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेते. 1895 मध्ये पियेरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीनं त्या घेतल्या, आणि तेव्हापासून प्रेक्षक मनातल्या मनात मोजत बसतात. मोजा, काही बिघडत नाही. कथकच्या चकरा पाहिलेल्यांना डोक्याची ती युक्ती लगेच कळेल: अंग फिरतं, नजर एका जागी खिळलेली, आणि डोकं सगळ्यात शेवटी झटक्यानं वळतं.

दुसरी गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. त्या गुलाबी चपलांच्या टोकाला कापड आणि खळीचे थर देऊन कडक केलेलं असतं. चोवीस हंसिणी एकदम धावत आल्या की पत्र्यावर पावसाचे पहिले टपोरे थेंब पडावेत तसा आवाज येतो. व्हिडिओत संगीताखाली तो बुडून जातो. तो आवाज ऐकला आणि मगच त्या हवेत तरंगणाऱ्या पोरींना वजन असतं हे मला पटलं.

तिकीट काढण्याआधी एक गोष्ट विचारून घ्या: संगीत जिवंत आहे की ध्वनिमुद्रित? मी एका फिरत्या मंडळीचा प्रयोग पाहिला. जाहिरातीत 'भव्य' सोडून काही लिहिलेलं नव्हतं, आणि तिथं सगळं संगीत मुद्रित निघालं. दुसऱ्या अंकात ते मध्येच अडकलं तेव्हा चार पोरी एका पायावर तशाच थांबल्या. टाळ्या त्यांना पडल्या, पण जिवंत वाद्यवृंदाच्या भावानं तिकीट काढल्याची चुटपुट लागली ती लागलीच.

आता म्युझिकल. भाच्याची बायको म्हणते ते चूक नाही. डोळ्यांचं पारणं फेडणारा प्रकार हाच. बीकेसीतलं, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलातलं, नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर 2023 च्या मार्चअखेर उघडलं. मोठ्या थिएटरात दोन हजार खुर्च्या आहेत आणि 'द साउंड ऑफ म्युझिक'पासून 'द फँटम ऑफ द ऑपेरा'पर्यंत परदेशी निर्मिती तिथं येऊन गेल्यात. या 'फँटम'नं न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 1988 ते 2023 अशी पस्तीस वर्षं काढली, 13,981 प्रयोग. असा खेळ घड्याळासारखा चालतो. पडदा, दिवे, झुंबर, नाच, सगळं सेकंदावर. माझी तक्रार तीच आहे. आज जे बघितलं तेच काल झालं आणि उद्याही होणार. नटाला त्या दिवशी सूर सापडला किंवा नाही सापडला, ही जी संगीत नाटकातली धाकधूक असते, ती इथं फार नाही. तिकिटं तिन्हींत बहुधा महाग. पुढच्या रांगांची हजारांत जातात, तिघांचं कुटुंब म्हटलं की आकडा पोटात गोळा आणतो. गोष्ट आधी वाचून, गाणी दोन-तीनदा ऐकून गेलात तरच इंग्रजीचा अडथळा निघतो. तेवढी तयारी सुनेनं केलेली असेल तर खुशाल जा.

खुर्ची कुठली घ्यावी, यात पैसे वाचतात म्हणून सांगतो. ऑपेराला वरची स्वस्त बाल्कनी घ्या, आवाज वर छान चढतो आणि अनुवादाच्या ओळी नजरेच्या पातळीवर येतात. बॅलेलाही थोडी उंचीच बरी. पहिल्या रांगेतून पाय नीट दिसत नाहीत आणि हंसिणींच्या रांगांची नक्षी तर मुळीच दिसत नाही. म्युझिकलला मात्र खालचा मधला भाग, म्हणजे सगळ्यात महाग. तिन्हींना वेळेवर पोचा. आपल्याकडं तिसरी घंटा झाल्यावरही लोक समोसा संपवत आत येतात. तिथं दार लागतं ते थेट मध्ये थांबा आला की उघडतं. पहिली पंचवीस मिनिटं बाहेरच्या टीव्हीवर बघण्याचा मान मला मिळालेला आहे. कपड्यांची मात्र कुणी तपासणी करत नाही. आत्या इरकलीत होती आणि हॉलमध्ये सगळ्यात रुबाबदार तीच दिसत होती.

प्रवासाचा हिशेब तिकिटाइतकाच मोठा. वंदे भारत 2025 पासून नांदेडहून सुटते. पहाटे परभणीत बसलं की दुपारी सीएसएमटी, आणि संध्याकाळचा खेळ आरामात मिळतो. संभाजीनगर-जालनेकरांना समृद्धी महामार्ग आहे, त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पाही 2025 मध्येच खुला झाला. सीएसएमटीहून बीकेसीला किंवा गिरगावला आता भुयारी मेट्रोनं जाता येतं. खरी पंचाईत परतीची. रात्रीचा खेळ सुटेपर्यंत आपल्याकडच्या बहुतेक गाड्या निघून गेलेल्या असतात. नातेवाइकाकडं मुक्काम नसेल तर दुपारचाच खेळ धरा.

आणि या सगळ्याच्या आधी, तुमच्या मुक्कामाच्या महिनाभर अलीकडं-पलीकडं संभाजीनगरच्या संत एकनाथ रंगमंदिरात एखादं संगीत नाटक लागतंय का, ते बघून घ्या. लागलं तर तिकडं आधी जा, मग मुंबई. ऑर्गन आणि तबल्यावर एका माणसानं अख्खं सभागृह कसं धरलं हे पोरीनं एकदा पाहिलेलं असलं, की पुढं साठ वादक समोर बसल्यावर तिला प्रश्न तरी बरे पडतील.

भाच्याला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग ऑपेराच ना?" मी म्हटलं, तारीख जुळली तर ऑपेरा, नाहीतर पोरीसाठी बॅले, तेही संगीत जिवंत असेल तरच. सुनेचं मन मोडायचं नसेल तर म्युझिकल, पण गाणी आजपासूनच ऐकायला लागा. त्यानं एनसीपीएचं वेळापत्रक उघडलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून आत्याचा आवाज आला, "चौघं एकदाच बोलतात त्याचं तिकीट काढायलास का? मग माझंही काढ. त्या दिवशी त्या भांडणाऱ्या बाईचं नीट ऐकायचं राहिलंय."