गोधड्या आमच्या, डोमेन मात्र त्यांचं

घरगुती धंद्यासाठी वेबसाईट करायची म्हटलं की लोक आधी विचारतात, कुठलं सॉफ्टवेअर चांगलं? आम्हीही तेच विचारत होतो. आता कोणी विचारलं तर मी उलटं विचारते: उद्या त्या वेबसाईटवाल्याशी बिनसलं, तर तुमच्या हातात काय राहणार? आमच्या हातात काहीच राहिलं नाही.

माझ्या सासूबाई गोधड्या शिवतात. साताऱ्याजवळ आमचं गाव. जुन्या सुती साड्या, हातशिलाई, सगळा धावदोरा. गल्लीतल्या दोन-तीन बायका दुपारची कामं आवरून येऊन बसतात. बाळांच्या छोट्या गोधड्यांना पुण्या-मुंबईहून चांगली मागणी आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी सांभाळताना पत्ता एकीकडे, फोटो दुसरीकडे, पैसे तिसरीकडे, असा गोंधळ व्हायला लागला, म्हणून वेबसाईटचं मनावर घेतलं. नात्यातल्याच एकाने पुण्याची एक एजन्सी सुचवली. नाव लिहीत नाही, कारण आमची तक्रार अजून चालू आहे. शिवाय या धाटणीच्या एजन्सी गल्लोगल्ली आहेत.

पॅकेज १८,००० रुपयांचं. 'आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे मॅडम, तुम्हाला काही करावं लागणार नाही.' हे वाक्य तेव्हा सोयीचं वाटलं होतं. कोटेशनमध्ये डोमेन (म्हणजे वेबसाईटचं नाव), होस्टिंग (ती ठेवायची इंटरनेटवरची भाड्याची जागा), डिझाईन, 'एसएसएल सिक्युरिटी' ३,५०० रुपये, 'गूगल लिस्टिंग' २,००० रुपये, आणि गूगलवर पहिल्या नंबरची गॅरंटी. यातली एकेक गोष्ट नंतर कळत गेली. पत्त्याशेजारी कुलूप दिसतं ते एसएसएल सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१६ पासून सगळ्यांना फुकट देते, आणि बहुतेक होस्टिंगवाले ते आपणहून बसवून देतात. 'गूगल लिस्टिंग' म्हणजे गूगल बिझनेस प्रोफाईल, ते तर घरबसल्या मोबाईलवर उघडता येतं, त्याचा एक पैसा लागत नाही. आणि पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, असं खुद्द गूगलनेच आपल्या मदत-पानावर लिहून ठेवलंय.

वेबसाईट सुरू झाली. मुखपृष्ठावर मोठ्ठा फोटो, गुलाबी-निळ्या छापाची फुलाफुलांची रजई. सासूबाईंनी चष्मा लावून मोबाईल डोळ्यांजवळ नेला. म्हणाल्या, "अगं, ही आपली न्हवं. मशीनवरची हाय, टाका बघ की. एका रेषेत चाललाय नुसता." जयपुरी रजईचा कुठूनतरी उचललेला फोटो होता. आम्ही पाठवलेले फोटो 'क्वालिटी नाही' म्हणून बाजूला टाकले होते. तो बदलायला सांगितलं तर 'कंटेंट चेंज रिक्वेस्ट'चे ५०० रुपये. तोवर नाशिकच्या एका बाईंनी तीच रजई मागवली होती. त्यांना फोन करून समजवायचं काम माझ्याकडे आलं. खाली 'आमच्याबद्दल'च्या पानावर 'लोरेम इप्सम' हा जागा भरायचा नमुना मजकूर तसाच पडलेला होता, तो भाग वेगळा.

हे सगळं एक वेळ चालवून घेतलं असतं. खरी गोम पैशात होती. पेमेंट गेटवे म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा; तिच्यासाठी पॅन, बँक खातं, केवायसी लागतं. 'कशाला कागदपत्रांची कटकट मॅडम, आमच्या अकाउंटवरून घेतो, आठवड्याला तुम्हाला ट्रान्सफर करतो.' म्हणजे गिऱ्हाईक गोधडीचे पैसे भरणार, ते त्यांच्या खात्यात पडणार, आणि आम्ही मागत बसणार. गेटवे कंपन्या साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी कापून घेतात आणि दोन-तीन कामाच्या दिवसांत पैसे खात्यात टाकतात. इथे कापले जात होते सात टक्के, आणि दिवाळीच्या ऑर्डरींचे पैसे आले संक्रांतीला. तेही निम्मेच.

वर्ष संपत आलं तसा मेसेज आला: रिन्यूअल १४,५०० रुपये. हजार-बाराशेच्या आसपास वर्षाला मिळणाऱ्या डॉट कॉम नावाचं हे बिल! म्हटलं, नको, आम्ही दुसरीकडे जातो, डोमेन हलवायला लागणारा ट्रान्सफर कोड द्या. आधी 'सर्व्हर डाऊन आहे', मग 'सर बाहेरगावी आहेत', मग फोनच बंद. माझ्या भाच्याने हूइज (डोमेनच्या मालकीची ऑनलाइन नोंद) काढून पाहिलं. नाव कोणाच्या मालकीचं आहे हे तिथे कोणालाही बघता येतं; बऱ्याचदा झाकलेलं असतं, पण आमच्या बाबतीत एजन्सीचं नाव ढळढळीत होतं. डॉट कॉमसाठी आयकॅन या डोमेनचा कारभार बघणाऱ्या संस्थेचा नियम आहे की मालकाने मागितल्यावर पाच दिवसांत कोड द्यावा लागतो. पण कागदावर मालक आम्ही नव्हतोच. रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन नोंदवणाऱ्या कंपनीने, तेच उत्तर दिलं, आणि त्याच्या जागी तो बरोबर होता.

'स्वतःचं सॉफ्टवेअर'ही एजन्सीचं नव्हतं. वेबसाईट बनवायच्या एका तयार बिल्डरवर स्वतःचा लोगो चिकटवलेला. त्यातून ना गिऱ्हाइकांची यादी बाहेर काढता येत होती, ना जुन्या ऑर्डरी. एका रविवारी मी लॉगिन चालू होतं तोवर एकेका ऑर्डरचे स्क्रीनशॉट काढले आणि वहीत पत्ते उतरवले. सोमवारी पासवर्ड चालेना.

तक्रार ग्राहक हेल्पलाईनवर केली आहे, नंबर १९१५. पैसे ऑनलाइन लुबाडले गेले असतील तर १९३० वर लगेच फोन करावा, तिथे उशीर केला की पैसे पुढच्या खात्यात गेलेले असतात. आमचं प्रकरण कराराचं असल्याने पोलीस चौकीत 'दिवाणी मॅटर' म्हणून बोळवण झाली.

आता नवी साईट वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवर आहे, सोबत ऑर्डरींसाठी वूकॉमर्स. दोन्ही फुकट आहेत आणि होस्टिंग बदललं तरी सगळं उचलून नेता येतं. पण अपडेट आणि बॅकअप स्वतः बघावे लागतात, हेही सांगते. भाचा हाताशी नसता तर मी शॉपिफाय ही तयार ऑनलाइन दुकानाची सेवा घेतली असती. दर महिन्याला पैसे जातात, पण माल आणि गिऱ्हाइकांची यादी तिथून एक्सेलमध्ये उघडणाऱ्या सीएसव्ही फाईलमध्ये उतरवता येते. विक्स या साईट बांधायच्या सेवेसारखं सोपं काही नाही, मात्र तिथे बांधलेली साईट दुसऱ्या सर्व्हरवर जशीच्या तशी नेता येत नाही. हे माहीत असून घेतलं तर हरकत नाही. तिन्हींत फसवणूक नाही. फसवणूक होते ती मधला माणूस स्वतःच्या ईमेलने खातं उघडतो तेव्हा.

कोणी डेमो दाखवायला आला तर चहा द्या, आणि त्याच्यासमोर बसूनच तुमच्या ईमेलवर, तुमच्या कार्डाने डोमेन घ्या. गेटवेचं केवायसी तुमच्या पॅनवर करा. मग एक खोटी ऑर्डर टाकून म्हणा, आता ही यादी फाईलमध्ये उतरवून दाखवा. आमच्याकडे मागच्या महिन्यात एक जण आला होता. एवढं ऐकून 'सरांना विचारून सांगतो' म्हणाला, तो अजून विचारतोच आहे.