बडोद्यात कलमी काळी मिरी: दोन पावसाळे आणि एक उन्हाळा वापरून

झुडूप मिरीची, म्हणजे वर न चढता झुडपासारखी वाढणाऱ्या मिरीची, सहा कलमं आणि तुलनेसाठी स्वतःच्या मुळांवरची दोन झुडपं, अशा आठ कुंड्या सोळा महिने सांभाळून हे लिहितोय. कलमं ब्राझिलियन पिंपळीच्या खुंटावर, म्हणजे मुळांकडच्या खालच्या भागावर, बांधलेली, वरची काडी पन्नियूर-१ या मिरीच्या जातीची. प्रत्येकी अडीचशे रुपये, वाहतूक वेगळी. पावसाळ्यात कुंडीत पाणी साचून मिरी मरते ही तुमची तक्रार असेल, तर हे कलम घ्या. मे महिन्यात आठ दिवस घराला कुलूप लावून गावाला जात असाल, तर घेऊ नका.

काळी मिरी, म्हणजे पायपर नायग्रम, पश्चिम घाटातली. खुंटाचं झाड पायपर कोलुब्रिनम: त्याच कुळातलं, पण दक्षिण अमेरिकेत पाणथळ जागी वाढणारं. केरळात त्याला ब्राझिलियन तिप्पली म्हणतात. ही सोयरीक जुळवण्याचं कारण एकच, शीघ्र मर हा मिरीचा रोग. तो आणते फायटोफ्थोरा कॅप्सिसी ही बुरशी. तिचे बीजाणू साचलेल्या पाण्यात चक्क पोहत मुळापर्यंत जातात, बुंधा मातीलगत काळा पडून कुजतो आणि वरचा हिरवागार वेल दोन-तीन आठवड्यांत माना टाकतो. वर लक्षणं दिसतात तेव्हा खाली सगळं संपलेलं असतं. कोलुब्रिनमच्या मुळांना ही बुरशी सहसा लागत नाही. मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमीही त्याला त्रास देत नाहीत, आणि ज्यांच्या कुंडीत परसातल्या वांगी-टोमॅटोच्या वाफ्याची माती जाते त्यांना हा फायदा मोठा आहे.

पण प्रतिकार खुंटात आहे, काडीत नाही. वरची पन्नियूर-१ पूर्वीइतकीच नाजूक. पावसाचे थेंब मातीवर आपटून उडाले की खालच्या पानांवर काळे, कडेला झालरीसारखे पसरलेले डाग पडतात. त्यामुळे सांधा मातीपासून निदान वीतभर वर हवा आणि मातीवर सुक्या पानांचं किंवा नारळाच्या शेंड्यांचं आच्छादन हवं. पाऊस सुरू होताना आणि ऑगस्टच्या मध्याला एक टक्का बोर्डो मिश्रणाची फवारणी कलमांनाही चुकत नाही. दहा ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, दहा ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, दोन्ही प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवायचं. मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओतायचं, उलटं नाही, आणि त्याच दिवशी वापरून संपवायचं. लोखंडी खिळा बुडवून त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय.

आता खरेदी. आमच्या सहांपैकी एक कलम झुडूप मिरीचं निघालंच नाही. विक्रेत्याने वर चढणाऱ्या वेलाची काडी बांधून दिली होती. मिरीला वेगवेगळ्या चालीच्या फांद्या असतात. वर चढणाऱ्या फांदीच्या प्रत्येक पेराला आधार धरणारी आखूड मुळं असतात. आडव्या फळफांदीला ती नसतात आणि घोस तिच्यावरच लागतात. फळफांदीची काडी बांधली तरच झुडूप होतं आणि पहिल्या वर्षी घोस दिसतात. चढत्या वेलाची बांधली तर खांब द्या आणि तिसऱ्या वर्षापर्यंत थांबा. रोप घेताना पेराला मुळं आहेत का ते पाहायला दहा सेकंद लागतात. ऑनलाइन घेणाऱ्यांनी पेरांचा जवळून काढलेला फोटो मागावा. बांधणीची पट्टी सांध्यात रुतलेली असेल तर ते कलम घरी आणू नका.

पावसाळा. आमच्याकडे चार कुंड्या अगाशीवर (गच्चीवर) आणि चार चौकात आहेत, आणि चौकाची मोरी तुंबली की दोन-दोन दिवस पाणी घोटाभर उभं राहतं. पहिल्याच ऑगस्टात चौकातलं बिनकलमी झुडूप बुंध्याशी कुजलं. शेजारच्या तीन कलमांचं पानही पिवळं झालं नाही. पाण्यात बुडालेल्या खुंटाच्या पेरांना उलट नवी पांढरी मुळं फुटली. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदीचं पाणी ज्या वस्त्यांत शिरलं, तिथल्या बागवाल्यांना या गुणाचं मोल वेगळं सांगायला नको. पाण्याबरोबर नदीतली मगर आली, तर त्यावर मात्र कलमाचा उपाय नाही.

आणि मग मे. खुंट पाणथळीचा, त्याला तहान दम काढू देत नाही. ४२ अंशांत दुपारी दोनला कलमाची पानं लोंबतात, तेव्हा त्याच उन्हातलं बिनकलमी झुडूप बऱ्यापैकी ताठ असतं. पाणी दिलं की तासाभरात कलम सावरतं, पण असं तीन-चार वेळा झालं की खालची पानं गळायला लागतात. एक कलम आम्ही असंच घालवलं, फक्त दोन दिवसांच्या गैरहजेरीत. होळीपासून पहिल्या पावसापर्यंत पन्नास टक्क्यांचं शेडनेट आणि सकाळ-संध्याकाळ पाणी, यात सूट नाही. जुन्या वाड्यांच्या चौकात, सकाळचं ऊन नऊ-दहापर्यंत येऊन पुढे भिंतीची सावली पडते, तिथे नेट नसलं तरी भागतं. पन्नियूर-१, म्हणजे १९७१ मध्ये प्रसारित झालेला संकर, दाट सावलीत घोस कमी धरतो. म्हणून पहिला पाऊस पडला की नेट काढायचं.

कुंडीखाली पसरट ताट ठेवून त्यात तीन-चार सेंटीमीटर पाणी उभं ठेवणं हा उन्हाळ्यातला सगळ्यात स्वस्त तोडगा. बिनकलमी मिरीला असं ठेवलं तर तिचं मरण ठरलेलं. या खुंटाला ते माहेरासारखं. पण दोन गोष्टी पाळा. ताटातलं पाणी तीन दिवसांनी ओतून टाका, नाहीतर डासांच्या अळ्या होतात. आणि आठवड्यातून एकदा वरून भरपूर पाणी घालून कुंडी धुऊन काढा. खालून पाणी चढत राहिलं की क्षार वर जमतात, मातीवर पांढरा थर येतो आणि पानांची टोकं तपकिरी होतात. हे टोक जळणं पाहून लोक पाणी आणखी वाढवतात, म्हणजे तेही क्षाराचंच.

बोअरचं जड पाणी हा इथला खरा अडसर. मिरीला जरा आंबट माती लागते, सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा. बोअरच्या पाण्यावर चार महिन्यांत नवी पानं फिकट पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असं झालं. माती अल्कली झाली की लोह मिळत नाही, त्याची ही खूण. नळाच्या पाण्यावर आणि पिंपात साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर आणल्यावर पुढची पानं नीट आली. आधीची पिवळी पानं हिरवी झाली नाहीत, ती होतही नाहीत. बडोद्याची काळी चिकण माती कुंडीत भरू नका. आमचं मिश्रण: दोन भाग तांबूस भुसभुशीत माती, एक भाग जाड रेती, एक भाग जुनं शेणखत, दहा किलोच्या कुंडीत.

खताबद्दल फार नाही. झुडूप मिरीला दहा किलो मातीमागे दर दोन महिन्यांनी १ ग्रॅम नत्र, अर्धा ग्रॅम स्फुरद आणि २ ग्रॅम पालाश पुरतं. म्हणजे युरिया सव्वादोन ग्रॅम, सिंगल सुपर फॉस्फेट तीन ग्रॅम, म्युरेट ऑफ पोटॅश साडेतीन ग्रॅमच्या आत. चिमटीचं माप आहे, चमच्याचं नाही. गुजरातेत शेंगदाण्याची पेंड मुबलक, तीही चालते: पंधरा ग्रॅम पेंड, सोबत मूठभर निंबोळी पेंड. ताज्या शेंगपेंडीला मुंग्या आणि घुशी येतात, म्हणून मातीत दाबा.

फुटवे मात्र दर आठवड्याला पाहावे लागतात. सांध्याखालून खुंट फुटत राहतो, आणि ती फूट इतकी जोमदार की नवखा माणूस खूश होतो. खुंटाचं पान पातळ, मऊ, फिकट. मिरीचं जाड, गडद, चकचकीत. फूट करंगळीएवढी असतानाच बोटाने मोडायची. महिनाभर दुर्लक्ष केलं तर वरची काडी उपाशी राहते आणि कुंडीत निव्वळ पिंपळी उरते. याच्या उलट चूकही होते: कुंडी बदलताना सांधा मातीत गाडला जातो. मिरीचं पेर मातीला टेकलं की मुळं सोडतं, ती मुळं पन्नियूरची असतात, आणि अडीचशे रुपये दिलेला प्रतिकार वाया. खुंटाची पेरं हवी तेवढी गाडा, सांधा उघडा ठेवा.

नजरचुकीने वाढून जाड, पक्के झालेले फुटवे मोडल्यावर फेकू नका. दोन-तीन पेरांचा तुकडा ओल्या रेतीत तीन-चार आठवड्यांत मुळं धरतो आणि तीन-चार महिन्यांत पेन्सिलीएवढा जाड खुंट तयार होतो. पाचर कलम घरी जमतं. बडोद्यात वेळ जूनच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत. हिवाळ्यात बांधलेली कलमं नुसती बसून राहतात. खुंट मातीपासून वीस सेंटीमीटरवर आडवा छाटायचा, खाली दोन-तीन पानं राहू द्यायची. मधोमध साडेतीन सेंटीमीटर उभी चीर. काडी त्याच जाडीची, फळफांदीची, दोन-तीन पेरांची, ना कोवळी ना तपकिरी; पानं अर्धी कापलेली. तिचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी एकेका ओढीत तासून तेवढ्याच लांबीची पाचर करायची. ब्लेड नवं, प्रत्येक कलमाआधी स्पिरिटने पुसलेलं. करवतीसारखं पुढे-मागे केलं की पृष्ठभाग खडबडीत होतो आणि आत पोकळी राहते. मिरीच्या खोडात रसवाहिन्यांचे जुडगे सालीलगतच्या वर्तुळात असतात आणि गाभ्यातही असतात, त्यामुळे आंब्यासारखं नुसती साल सालीला जुळवून भागत नाही, पूर्ण पाचर घट्ट बसावी लागते. दीड-दोन सेंटीमीटर रुंद प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर बांधायचं, म्हणजे पाणी आत झिरपत नाही. वर कुल्फीची लांबट पिशवी चढवून सांध्याखाली दोरा बांधायचा आणि सावलीत ठेवायचं.

पहिल्या पंधरांपैकी आमची सात लागली. उरलेल्या आठांनी शिकवलं ते असं. काडी खालून काळी पडत गेली, तर चिरेत पाणी गेलंय किंवा ब्लेड अस्वच्छ होतं. काडी वाळली, तर पिशवी कुठेतरी उघडी आहे. आणि सगळ्यात फसवं: तीन आठवड्यांत छान फूट आली, पिशवी काढली, पाचव्या आठवड्यात फूट कोमेजली. ती काडीतल्या शिदोरीवर फुटलेली असते, सांधा जुळलेलाच नसतो. म्हणून पहिली फूट दिसताच पिशवी ओढून काढू नका. कोपरा कापा, चार दिवसांनी दुसरा कापा, दोन पानं पूर्ण उघडल्यावर काढा. पट्टी अडीच-तीन महिन्यांनी काढा, सांध्याला न लागता पट्टीलाच उभा छेद देऊन.

आयुष्याचा प्रश्न विक्रेते टाळतात. कोलुब्रिनमवरची मिरी कायमची नसते. शेतातल्या लागवडीत चार-पाच वर्षांनी सांध्याशी बेबनाव सुरू झाल्याचं आढळलं आहे, आणि हा खुंट सगळीकडे पसरला नाही त्याचं एक कारण हेच. दुसरं कारण पाणी. सांध्याच्या वर काडी फुगणं, माती ओली असूनही दुपारी पानं लोंबणं, नवी पानं लहान येणं आणि खालून फुटवे अचानक वाढणं, ही लक्षणं. आमच्या एका कुंडीत सांध्यावर किंचित फुगवटा आलाय, बाकी लक्षणं अजून नाहीत. कुंडीत याचा बाऊ करायचं कारण नाही, दर पावसाळ्यात दोन नवी कलमं बांधत राहिलं की साखळी तुटत नाही.

किडी फारशा नाहीत. फेब्रुवारीत पानांखाली पिठ्या ढेकूण येतो. लिटरला पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि दोन थेंब साबण, दहा दिवसांनी पुन्हा. मुंग्या दिसल्या तर आधी त्यांचा बंदोबस्त करा, ढेकूण त्याच वाहून आणतात.

पहिल्या हंगामात प्रत्येक कुंडीतून जेमतेम पाऊण वाटी ओली मिरी मिळाली. सुकल्यावर वजनाने तिसरा हिस्सा. मसाल्याच्या डब्याचा हिशोब मांडून हे झाड घ्यायचं नसतं. यंदा घोस जास्त आणि लांब आहेत. जुलैत फुलोऱ्यावर पाऊस चांगला झाला, दाणे भरायला त्याने मदत होते. जिथे पत्र्याच्या आडोशाने पाऊस पोचला नाही, तिथले घोस विरळ, मधे मधे रिकामे. अशा कुंड्यांवर फुलोऱ्याच्या दिवसांत दिवसाआड बारीक फवाऱ्याने पाणी मारा.

घोसातले एक-दोन दाणे नारिंगी झाले की अख्खा घोस तोडायचा. बडोद्यात ते जानेवारी-फेब्रुवारीत येतं. दाणे उकळत्या पाण्यात एक मिनिट बुडवून काढले की रंग सारखा काळा येतो आणि सुकायला वेळ कमी लागतो. मग चार-पाच दिवस कडक ऊन, रात्री घरात. आणि त्यातले मूठभर हिरवेच ठेवून लिंबाच्या रसात मिठाबरोबर घाला. ते उन्हाळ्यापर्यंत उरत नाहीत.