ग्रेडल अपग्रेडनंतर बिल्ड रेंगाळतंय: प्रोफाइल की स्कॅन?

ग्रेडलची (कोडपासून प्रोग्रॅम तयार करणाऱ्या, म्हणजे बिल्ड करणाऱ्या साधनाची) आवृत्ती बदलली आणि रोजचं बिल्ड रेंगाळायला लागलं, की हाताशी दोन वाटा असतात: कमांडला '--प्रोफाइल' (profile) जोडायचं किंवा '--स्कॅन' (scan). पहिल्याने वेळांचा अहवाल मिळतो, दुसऱ्याने बिल्डची सविस्तर नोंद वेबवर. मी दोन्ही वापरतो. त्याआधी एक गोष्ट. नव्या आवृत्तीवरचं पहिलं बिल्ड हिशेबात धरू नका. तेव्हा ग्रेडल स्वतः डाउनलोड होतं, डीमन (ग्रेडलची मागे चालू राहणारी प्रक्रिया) नव्याने सुरू होतो, बिल्ड स्क्रिप्ट पुन्हा कंपाइल होतात. त्यानंतरची बिल्डंही तशीच चालली तर शोधाला लागायचं.

प्रोफाइलची मोठी सोय म्हणजे सगळं आपल्याच मशीनवर राहतं. रिपोर्ट्सच्या फोल्डरमध्ये एक एचटीएमएल फाइल तयार होते, कुणाची परवानगी लागत नाही. जुन्या आणि नव्या आवृत्तीच्या दोन फाइली शेजारी उघडल्या, की वेळ कॉन्फिगरेशनमध्ये (बिल्डची मांडणी वाचण्यात) वाढलाय, डिपेंडन्सी (लागणाऱ्या लायब्ररी) शोधण्यात की टास्कमध्ये (बिल्डच्या एकेका कामात), हे लगेच दिसतं. तेवढ्यापुरतं मला प्रोफाइलच बरं वाटतं.

माझी चिडचिड होते ती त्यापुढे. टास्कला किती सेकंद लागले हे प्रोफाइल सांगतं, का लागले ते सांगत नाही. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये ग्रेडलच्या सातव्या मालिकेवर गेल्यापासून सोर्स जार (सोर्स कोडची एकत्र फाइल) बनवणारा टास्क, कोडमध्ये काही बदललेलं नसतानाही, दर वेळी धावत होता. प्रोफाइलमध्ये त्याच्यासमोर नुसता वेळ. स्कॅनच्या टाइमलाइनवर त्याच टास्कवर क्लिक केलं तर कारणच लिहिलेलं: अचूकतेसाठी इन्क्रिमेंटल एक्झिक्युशन (न बदललेलं काम वगळणं) बंद केलंय, डेप्रिकेशनचे (पुढे चालणार नाहीत अशा गोष्टींचे) इशारे बघा. डेप्रिकेशनच्या पानावर दुसऱ्या टास्कचंही नाव मिळालं. कोड जनरेट करणाऱ्या टास्कचं आउटपुट हा जार वापरत होता, पण त्या टास्कवरची डिपेंडन्सी (तो आधी चालायला हवा हे) कुठेच जाहीर केलेली नव्हती. असं दिसलं की ग्रेडल 7 जारचा टास्क 'अप-टू-डेट' (पुन्हा चालवायची गरज नाही असा) धरत नाही, बिल्ड कॅशमधूनही (आधीच्या निकालांच्या साठ्यातूनही) उचलत नाही, 8.0 पासून तर बिल्डच फेल होतं. जनरेट टास्कचं आउटपुट सोर्स सेटला (एकत्र हाताळल्या जाणाऱ्या सोर्स फाइलींच्या गटाला) नीट जोडलं आणि प्रश्न मिटला.

मेमरीचंही तसंच. 5.0 पासून डीमनची डिफॉल्ट हीप (वापरता येणारी मेमरी) 512 एमबी आहे. चौथ्या मालिकेतून थेट वर उडी मारणाऱ्यांना तिथे फटका बसू शकतो. गार्बेज कलेक्शनमध्ये (नको असलेली मेमरी मोकळी करण्यात) किती वेळ गेला हे स्कॅन दाखवतो, प्रोफाइल नाही.

अडचण एकच, पण लहान नाही: स्कॅन बाहेरच्या सर्व्हरवर अपलोड होतो आणि लिंक असलेल्या कुणालाही उघडता येतो. त्यात मॉड्यूलची, मशीनची, युजरची नावं असतात. क्लायंटचं काम असेल तर आधी विचारा, आणि माझ्या मते विचारण्याचा तेवढा त्रास घ्यावाच. नकार आला तर प्रोफाइलमधून संशयित टास्क निवडा, '--इन्फो' (info, जास्त तपशील लिहिणारा पर्याय) लावून बिल्ड चालवा आणि लॉगमध्ये त्या टास्कचं नाव शोधा. कारण तिथेही मिळतं, फक्त हजारो ओळी उपसाव्या लागतात.