हीनी, बोलंड, मल्डून की नी गोनल: पहिलं पुस्तक कोणाचं घ्यावं?

आयरिश कविता वाचायची म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: शेमस हीनी घ्या. सल्ला वाईट नाही. १९९५चं नोबेल आहे, शेताभातातली कविता आहे. पण कुठला हीनी घ्यायचा हे कुणी सांगत नाही, आणि तिथेच गडबड होते.

१९६६चा ‘डेथ ऑफ अ नॅचरलिस्ट’ हा त्याचा पहिला संग्रह उत्तर आयर्लंडमधल्या डेरी परगण्यातल्या शेतीवाडीत वाढलेला. त्यातली ‘मिड-टर्म ब्रेक’ बघा. वसतिगृहातला मुलगा आजाऱ्यांच्या खोलीत बसून तासांच्या घंटा मोजतोय. शेजारी त्याला गाडीतून घरी आणतात. ओसरीवर वडील रडताहेत. म्हातारी माणसं उठून त्याचा हात हातात घेतात, तसा तो अवघडतो. धाकट्या भावाला मोटारीने उडवलंय. शेवटच्या ओळीत शवपेटीची लांबी येते: चार फूट, वयाच्या एकेका वर्षाला एक फूट. मुलगा स्वतः एकदाही रडत नाही. ही कविता कळायला ना टीप लागते, ना शब्दकोश.

आता ‘नॉर्थ’ (१९७५) उघडा. डेन्मार्कच्या दलदलीत सापडलेले लोहयुगातले मृतदेह, व्हायकिंग, आणि त्यांच्याआडून उत्तर आयर्लंडमधल्या हत्या. संग्रह मोठ्या ताकदीचा आहे, पण तिथला कॅथलिक-प्रॉटेस्टंट झगडा ठाऊक नसेल तर निम्मं डोक्यावरून जातं. म्हणून नवख्याने ‘नॉर्थ’ मागे ठेवावा आणि १९६६ ते १९९६ या तीस वर्षांतल्या निवडीचा ‘ओपन्ड ग्राउंड’ घ्यावा.

माझं मत मात्र ईव्हॅन बोलंडला (१९४४–२०२०). आयरिश कवितेत बाई भरपूर होती, पण देशमाता म्हणून, नाहीतर राणी म्हणून. रात्री उठून तान्ह्याला पाजणारी नव्हती. बोलंडने डब्लिनच्या उपनगरातलं घर, पाळणा, स्वयंपाकघर कवितेत आणलं आणि त्याच दारातून ती इतिहासात शिरली. मराठी वाचकाला हे फोड करून सांगायला नको.

तिची ‘क्वारंटाइन’ कविता फक्त वीस ओळींची. १८४७चा हिवाळा, बटाट्याचं पीक बुडून आयर्लंडमध्ये पडलेल्या दुष्काळातलं सगळ्यात काळं साल. एक माणूस बायकोला घेऊन गरीबगृहातून निघतो. ती तापाने फणफणलेली, तिला चालवत नाही. तो तिला पाठीवर घेऊन चालत राहतो. सकाळी दोघंही मेलेली सापडतात, तिची पावलं त्याच्या छातीशी धरलेली. अंगातली शेवटची ऊब त्याने तिला दिली. यानंतर बोलंड प्रेमकवितांनाच या उंबरठ्यावर येऊ नका म्हणून बजावते. ही कविता ‘अगेन्स्ट लव्ह पोएट्री’ (२००१) या संग्रहात आहे. नाव ऐकून घाबरू नका, त्यात लग्नावरच्या फार सुंदर कविता आहेत.

दोघांना शेजारी ठेवलं की फरक कानाला कळतो. हीनीची ओळ मोठ्याने वाचताना तोंडात घोळते. चिखल, फावडं, लोणी काढायची रवी यांचे आवाज त्यात असतात. बोलंडचं इंग्रजी साधं, वाक्यं तुटक. इंग्रजी ही आपली दुसरी-तिसरी भाषा असेल तर ती आधी उलगडते. खोट एकच: कधीकधी ती कवितेतच आपला मुद्दा पटवून द्यायला लागते आणि निबंध वाचतोय असं वाटतं. हीनी त्या मोहात क्वचित पडतो.

पॉल मल्डून (जन्म १९५१) बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात हीनीचाच विद्यार्थी. पुढे अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि २००३मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. ‘व्हाय ब्राउनली लेफ्ट’मध्ये खाऊनपिऊन सुखी शेतकरी मार्चमधल्या सकाळी नांगरायला जातो आणि गायब होतो. शेवटची सरी नांगरायची राहिलेली, घोड्यांची जोडी पायावरचा भार बदलत उभी. का गेला, ते मल्डून सांगत नाही. ही कविता जरूर वाचा. पण त्याचं नंतरचं लेखन म्हणजे यमकांची आणि संदर्भांची अशी कसरत, की पहिलं पुस्तक म्हणून घेतलंत तर आयरिश कविताच सोडून द्याल.

नुआला नी गोनल (जन्म १९५२) हे वेगळंच प्रकरण. मुखपृष्ठावर आडनाव ‘धोम्हनाइल’सारखं काहीतरी दिसेल, उच्चार गोनल. ती कविता फक्त आयरिश भाषेत लिहिते. ‘फॅरोज डॉटर’ (१९९०) या द्वैभाषिक पुस्तकात तिचे तेरा अनुवादक आहेत, हीनी आणि मल्डूनही त्यांत आले. त्यातली एक कविता भाषेच्या भवितव्याबद्दल आहे: लव्हाळ्यात सोडलेल्या टोपलीतल्या बाळासारखी ती आपली आशा पाण्यावर सोडते. अडचण अशी की तेरा जणांमधून नेमकी नी गोनल किती पोचते, हे आपल्याला आयरिश येत नसल्याने कळणार नाही. लोककथा, जलपऱ्या, बिनधास्त शृंगार यांची ओढ असेल तर तरीही घ्या. तिच्या नंतरच्या पिढीतली डिरन नी ग्रीफा आयरिश आणि इंग्रजी दोन्हींत लिहिते आणि अनुवादही स्वतःच करते, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

एकच पुस्तक घ्यायचं तर बोलंडच्या निवडक किंवा समग्र कविता घ्या, सुटा संग्रह नको. दोन घेणार असाल तर जोडीला ‘ओपन्ड ग्राउंड’. मल्डून वाचनालयातून आणा.