फूबार2000चा कन्व्हर्टर: घरच्या संगीतसंग्रहावर नऊ महिने वापरल्यानंतर

बाबांच्या कपाटातल्या 286 सीडी आणि सत्तरच्या आसपास कॅसेट संगणकावर उतरवून घेण्याचे काम मी हाती घेतले, तेव्हा खरा प्रश्न उतरवण्याचा नसून त्यानंतरचा आहे, हे माझ्या लक्षात आले नव्हते. घरातल्या संगणकावर कोणताही फॉरमॅट चालतो, पण माझ्या फोनमध्ये जागा कमी आहे, ताईच्या आयफोनवरील संगीताच्या ॲपमध्ये एफएलएसी, म्हणजे आवाजातले काहीही न गमावता लहान केलेली, फाइल घेता येत नाही, गाडीतला प्लेअर एमपी3खेरीज फारसे काही ओळखत नाही आणि नाशिकच्या आत्याकडे पेनड्राइव्हवर चालणारा जो छोटा स्पीकर आहे, तो एफएलएसी दिसली की ती फाइल वगळून पुढच्या फाइलवर जातो. एकाच गाण्याची इतकी रूपे करायची, तीही नावे, क्रम आणि आवाज न बिघडवता, यासाठी मी फूबार2000 या विंडोजवरील मोफत प्लेअरमधला कन्व्हर्टर वापरायला घेतला. आज त्याला नऊ महिने झाले आहेत.

पीटर पाव्लोव्स्की यांनी हा प्लेअर 2002 मध्ये आणला. त्याचा चेहरामोहरा आजही साधा, जवळजवळ रूक्ष आहे आणि सगळे पर्याय इंग्रजीत आहेत. रूपांतर करण्यासाठी लागणारे एन्कोडर, म्हणजे ध्वनी हव्या त्या फॉरमॅटमध्ये बांधणारे छोटे प्रोग्राम, त्याच्यासोबत येत नाहीत. त्यांचा मोफत संच वेगळा उतरवून बसवावा लागतो. नवख्या माणसाचा पहिला तास यातच जातो, हे मान्य करायला हवे. मात्र एकदा घडी बसली की फाइल निवडायच्या, उजवे बटण दाबून आपण जपून ठेवलेला पर्याय निवडायचा आणि काम सोडून द्यायचे, इतकेच उरते. प्रोसेसरच्या प्रत्येक गाभ्यावर एकेक फाइल एकाच वेळी तयार होत असल्यामुळे तासाभराच्या सीडीचे एमपी3 माझ्या सहा वर्षे जुन्या संगणकावरही मिनिटभरात होतात.

सुरुवातीलाच मी एक नियम ठरवला आणि तो मोडू दिला नाही. प्रत्येक सीडीची एक मूळ प्रत एफएलएसीमध्ये ठेवायची आणि बाकी सगळ्या प्रती तिच्यापासूनच काढायच्या. सीडीवर सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येकी 16 बिटांचे, दोन वाहिन्यांवर असतात. म्हणजे तासाभराच्या संगीताला सुमारे 635 एमबी लागतात. एफएलएसी ती जागा साधारण निम्म्यावर आणते आणि तरीही उलगडल्यावर प्रत्येक बिट जसाच्या तसा परत देते. माझा सीडीचा सारा संग्रह सुमारे 88 जीबीत बसला. जुन्या तबकड्यांवरून केलेल्या काही सीडी तर फारच लहान झाल्या, कारण त्या मुळात एकाच वाहिनीच्या आहेत. डावी आणि उजवी बाजू तंतोतंत सारखी असेल तर एफएलएसी दोहोंमधला फरक नोंदवते, फरक शून्य असतो आणि शून्याला जागा जवळजवळ लागतच नाही. एफएलएसीचे 0 ते 8 असे स्तर पाहून सुरुवातीला मीही घोटाळ्यात पडलो होतो. ते गुणवत्तेचे स्तर नाहीत. फाइल किती लहान करायची आणि त्यासाठी संगणकाने किती कष्ट घ्यायचे, एवढेच ते ठरवतात.

सीडी वाचतानाच फूबार ॲक्युरेटरिपच्या नोंदींशी ताडून पाहतो, म्हणजे इतरांनी वाचलेल्या त्याच सीडीशी आपले वाचन जुळते का, हे सांगतो. माझ्याकडच्या भावगीतांच्या आणि अभंगांच्या बऱ्याच सीडींची नोंद तिथे सापडली नाही. अशा वेळी मी प्रत्येक सीडी दोनदा वाचली आणि दोन्ही वाचनांची तुलना फूबारच्याच बायनरी कम्पॅरेटर या जोडणीने (प्लगइनने) केली. चार सीडींमध्ये फरक निघाला. चारही ओरखडलेल्या होत्या आणि पुसून पुन्हा वाचल्यावर तीन जुळल्या. ताईसाठी एफएलएसीवरून एएलएसी, म्हणजे ॲपलचा तसाच काहीही न गमावणारा फॉरमॅट, केले, तेव्हाही हीच तुलना केली आणि एकाही नमुन्यात फरक आढळला नाही. ॲपलने हा फॉरमॅट 2004 मध्ये आणला आणि 2011 मध्ये खुला केला, त्यामुळे आता दोन्ही दिशांनी ये-जा निर्धास्तपणे करता येते.

खरी निवड जागा वाचवणाऱ्या, म्हणजे ध्वनीतला काही भाग कायमचा टाकून देणाऱ्या फॉरमॅटमध्ये करावी लागते. इथे ऐकीव मतांवर विसंबण्यापेक्षा मी फूबारची एबीएक्स जोडणी बसवली. ती मूळ फाइल आणि रूपांतरित फाइल यांपैकी एक न सांगता ऐकवते आणि आपण ती ओळखायची असते. 16 पैकी 12 वेळा बरोबर ओळखले, तरच ते निव्वळ नशीब नाही असे मानायला आधार मिळतो, कारण नुसत्या अंदाजाने तेवढे जमण्याची शक्यता चार टक्क्यांहूनही कमी असते. चाचणीसाठी मी मुद्दाम तीन तुकडे घेतले: केवळ तानपुऱ्याचा आरंभ, टाळांच्या गजरात चाललेला अभंग आणि तबल्याचे एकल वादन. आपल्या संगीतासाठी याहून कठोर परीक्षा मला सुचत नाही. तानपुऱ्याची जवारी ही एकमेकांत मिसळत राहणाऱ्या सूक्ष्म स्वरांशांची दाट वीण आहे आणि एन्कोडरला बिट कमी पडले की ती पाण्याखालून ऐकल्यासारखी डुचमळू लागते. टाळांचा आवाज अगदी वरच्या कंप्रतेपर्यंत पसरलेला असतो. तबल्याच्या चाटीवरील कडक बोलाआधी तर कमी दर्जाच्या एमपी3मध्ये एक पुसट फुसकारा ऐकू येतो. एन्कोडर ध्वनी ठरावीक लांबीच्या तुकड्यांत तोडतो आणि आघातामुळे निर्माण झालेली त्रुटी त्या तुकड्यात सर्वत्र, आघाताच्या आधीही, पसरते, म्हणून असे होते.

128 केबीपीएसचा (सेकंदाला 128 किलोबिट) स्थिर दराचा एमपी3 मी टाळांच्या तुकड्यात 16 पैकी 15 वेळा ओळखला. लेम या एमपी3 एन्कोडरचा व्ही2 हा बदलत्या दराचा पर्याय, ज्याची सरासरी 190 केबीपीएसच्या आसपास राहते, मला एकाही तुकड्यात बाराच्या पुढे नेता आला नाही. 128 केबीपीएसच्या ओपस या नव्या फॉरमॅटच्या बाबतीतही तसेच झाले. 96 वर मात्र तानपुऱ्याने ओपसला पकडून दिले. माझे कान पन्नाशीचे आहेत आणि हेडफोन मध्यम किमतीचा आहे, तेव्हा हे निकाल माझ्यापुरतेच समजावेत. त्यावरून मी फोनसाठी ओपस 128 आणि गाडी व आत्यासाठी एमपी3 व्ही2 असे ठरवले. ओपसमुळे सारा संग्रह फोनमध्ये 17 जीबीत मावला. 2012 मध्ये प्रमाणित झालेला हा फॉरमॅट 1990 च्या दशकातल्या एमपी3पेक्षा कमी जागेत अधिक काम करतो, यात मला आता शंका उरलेली नाही. अडचण एवढीच की, जुन्या उपकरणांना तो ठाऊक नाही.

एक चूक मी केली, ती इतरांनी करू नये म्हणून सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी मी काही सीडींचे 128 केबीपीएसचे एमपी3 करून ठेवले होते आणि त्यातल्या काही सीडी आता घरात नाहीत. संग्रह एकसारखा दिसावा म्हणून मी ते एमपी3 एफएलएसीमध्ये बदलले आणि त्यावरून ओपस काढले. एफएलएसी फाइली पाचपट मोठ्या झाल्या, पण त्यांत जे नव्हते ते आले नाही. ओपसमध्ये तर दोन वेगवेगळ्या एन्कोडरांनी टाकून दिलेल्या गोष्टींची बेरीज झाली आणि टाळ अक्षरशः वाळूसारखे घासू लागले. त्याहून वाईट म्हणजे, त्या एफएलएसी फाइली खऱ्या मूळ प्रतींमध्ये मिसळून गेल्या. नावावरून किंवा आकारावरून त्या ओळखता येईनात. शेवटी स्पेक या छोट्या प्रोग्राममध्ये प्रत्येक फाइलचा वर्णपट पाहून, सोळा-सतरा हजार हर्ट्‌झच्या वर जिथे सरळ रेषेत सारे कापलेले दिसले, त्या फाइली वेगळ्या काढाव्या लागल्या. दोन रविवार त्यात गेले. आता असे जुने एमपी3 मी जसेच्या तसे ठेवतो आणि फोनवरही तसेच घेतो.

ख्यालाच्या मैफलींच्या सीडींनी वेगळाच प्रश्न उभा केला. विलंबित संपून द्रुत सुरू होते, तिथे सीडीवर ट्रॅक बदलतो, पण गाणे थांबलेले नसते. तानपुरा आणि ठेका सलग चालू असतो. एमपी3 ठरावीक 1,152 नमुन्यांच्या चौकटींत बांधलेला असतो आणि एन्कोडर सुरुवातीला व शेवटी थोडी रिकामी भर घालतो, म्हणून सांध्यावर क्षणभर खंड पडतो. ही भर किती आहे ते लेम फाइलमध्ये नोंदवून ठेवतो आणि फूबार ते वाचून सलग वाजवतो. स्पीकर मात्र ती नोंद वाचत नाही. समेवर येता येता बसणारा तो हिसका आत्याला सहन होईना. यावर कन्व्हर्टरमधला सर्व ट्रॅक मिळून एकच फाइल करण्याचा पर्याय कामी आला. पूर्ण राग आता एका फाइलमध्ये आहे. नुसते द्रुत ऐकायचे असेल तर गैरसोय होते, पण आत्या सकाळी लावलेला राग कधीच मध्येच बदलत नाही.

तिच्याच पेनड्राइव्हसाठी रीप्लेगेनचा, म्हणजे गाण्यांच्या आवाजाची पातळी सारखी करण्याचा, पर्यायही मोलाचा ठरला. जुन्या अभंगांच्या सीडी हळू आवाजाच्या, नव्या सीडी कर्कश म्हणाव्या इतक्या मोठ्या, त्यामुळे ती दर गाण्याला बटण फिरवत असे. रूपांतर करतानाच पातळी सारखी करून घेता येते. अर्थात ती फक्त प्रतीत बदलते, मूळ एफएलएसीला धक्का लागत नाही.

आता देवनागरीविषयी. मूळ प्रतींमध्ये गाण्याचे नाव, गायक, राग, ताल, कवी हे सगळे मी देवनागरीतच भरले आहे आणि एफएलएसीतील टॅग युनिकोडमध्येच असल्यामुळे तिथे कधीही अक्षर हललेले नाही. राग आणि ताल यांसाठी स्वतःचे नवे रकाने करता येतात आणि त्यांवरून शोधता येते. ज्यांनी कधी एकाच संध्याकाळी घरातले सगळे यमन काढून ऐकले असतील, त्यांना यातला आनंद कळेल. पण गाडीतला प्लेअर एकतर चौकोन दाखवतो किंवा प्रश्नचिन्हांची रांग. प्रश्नचिन्हे आयडी3च्या, म्हणजे एमपी3मध्ये टॅग लिहिण्याच्या पद्धतीच्या, पहिल्या आवृत्तीमुळे येतात, कारण तीत नावाला जेमतेम 30 बाइटांची जागा असून देवनागरीची सोयच नाही. आयडी3 2.3 ही आवृत्ती लिहिली की प्रश्नचिन्हे जातात, पण उपकरणात देवनागरीचा फाँटच नसेल तर चौकोन राहतातच. म्हणून मी रोमन लिपीतल्या नावासाठी एक जादा रकाना ठेवला आणि गाडीच्या प्रतीची फाइलनावे त्यावरून बनतील असा साचा कन्व्हर्टरमध्ये लिहिला. सगळी नावे रोमनमध्ये भरायला तीन आठवडे लागले. कन्व्हर्टरच्या नावाच्या साच्यात कोणताही रकाना वापरता येतो, ही मला त्याची सर्वांत मोठी ताकद वाटते.

गाडीच्या पेनड्राइव्हने आणखी एक धडा दिला. सुरुवातीला मी थेट पेनड्राइव्हवरच रूपांतर करत होतो आणि गाणी भलत्याच क्रमाने वाजत होती. फाइलनावांत क्रमांक असूनही असे का, हे बरेच दिवस उलगडेना. असे बरेच प्लेअर नावाचा क्रम न पाहता फाइली पेनड्राइव्हवर ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या तोच पाळतात आणि एकाच वेळी आठ फाइली तयार होत असताना छोटी फाइल आधी पूर्ण होते. आता मी आधी हार्ड डिस्कवर रूपांतर करतो आणि नंतर एकेक फाइल क्रमाने कॉपी करतो.

कॅसेटचे काम अजून चालू आहे. ध्वनी संगणकात घेण्यासाठी ऑडॅसिटी वापरतो आणि 24 बिटांत घेऊन, पातळी सावरून, शेवटी 16 बिटांच्या एफएलएसीमध्ये ठेवतो. कॅसेटची स्वतःची खरखरच 16 बिटांच्या मर्यादेपेक्षा कितीतरी वर असते, त्यामुळे 24 बिट कायम जपून ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही.

दर तीन महिन्यांनी मी सगळ्या एफएलएसी फाइली तपासणीला लावतो. प्रत्येक फाइलमध्ये मूळ ध्वनीची एमडी5 खूण साठवलेली असते आणि फूबारची तपासणी जोडणी फाइल उलगडून ती खूण जुळते का ते पाहते. गेल्या महिन्यात जुन्या डिस्कवरील एक फाइल जुळली नाही. ऐकताना मला त्यात काहीही वावगे जाणवले नव्हते. दुसऱ्या डिस्कवरची प्रत शाबूत होती, तिच्यावरून ती बदलली आणि ती जुनी डिस्क वापरातून काढून टाकली. बावीस कॅसेट अजून बाकी आहेत.